प्रोब कोणाच्या हाती?

आज ८ नोव्हेंबर. १८९५ साली याच दिवशी जर्मनीतल्या व्युर्झबर्गमध्ये विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला, म्हणून जगभर हा दिवस रेडिओग्राफी दिन म्हणून पाळतात. १ जुलैला डॉक्टरांना फुले मिळतात, १२ मेला परिचारिकांचे सत्कार होतात. एक्स-रे, सीटी आणि सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोल्यांत दिवस काढणाऱ्यांचा हा दिवस मात्र सहसा कुणाच्या ध्यानात राहत नाही. त्या सर्वांना आज मनापासून शुभेच्छा.

शुभेच्छांवर थांबता येत नाही, कारण संगमेश्वर तालुक्यातले पालक विचारतात त्या एका प्रश्नाचे सरळ उत्तर त्यांना कुणी देत नाही. मुलगी बारावी सायन्स झालेली असते. गुण बरे असतात, पण मेडिकलला पुरतील असे नाहीत. नर्सिंगला घालायचे की बीएस्सीला, यावर घरात खल चाललेला असतो आणि अशात कुणीतरी सांगते, ‘सोनोग्राफी टेक्निशियन करा तिला, मागणी आहे.’ मग फोनवर जाहिराती येऊ लागतात: सहा महिन्यांचा डिप्लोमा, नोकरीची हमी, फी हप्त्याहप्त्याने. आंबा-काजूच्या पैशातला किंवा मुंबईच्या भावाने पाठवलेला पहिला हप्ता भरला जातो, आणि या शिक्षणावर आपल्या देशात नेमके काय करता येते हे विचारायचे राहून जाते.

ते समजायला आधी बाहेरचे चित्र पाहू. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये सोनोग्राफर हा स्वतंत्र, प्रतिष्ठेचा व्यवसाय आहे. अमेरिकेत त्यांची परीक्षा घेऊन नोंदणी करणारी संस्था १९७५ पासून काम करते आहे. तिथे सोनोग्राफर तपासणी करतो आणि डॉक्टर तिचा अर्थ लावतो. ब्रिटनमध्ये तर अनेक ठिकाणी अहवालही सोनोग्राफरच लिहितो. भारतात नोंदणीकृत केंद्रातले सोनोग्राफीचे मशीन पात्र डॉक्टरनेच चालवायचे, असा कायदा आहे. टेक्निशियनने रुग्णाची तयारी करावी, मशीन सांभाळावे, नोंदी ठेवाव्यात, डॉक्टरला मदत करावी. रुग्णाच्या पोटावर मशीनचा प्रोब ठेवून निदान करणे हे त्याचे काम नाही. जाहिरातीत हे वाक्य नसते.

यात एक विसंगती आहे, ती नीट समजून घेतली पाहिजे. एक्स-रे आणि सीटीमध्ये किरणोत्सर्ग असतो. तो मोजण्यासाठी तिथले कर्मचारी छातीवर बिल्ला लावतात आणि त्या यंत्रणेवर परमाणु ऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. तरीही ती यंत्रे प्रशिक्षित टेक्निशियन स्वतः चालवतो. सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नाही, केवळ ध्वनिलहरी आहेत, आणि निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या तपासण्यांत ती सर्वांत निर्धोक गणली जाते. ते मशीन मात्र टेक्निशियनने चालवायचे नाही. हे मशीन आपल्या समाजात कशासाठी वापरले गेले, त्यातून ही बंदी आली.

महाराष्ट्राने हे इतरांच्या आधी ओळखले. ऐंशीच्या दशकात मुंबईतल्या स्त्री संघटना, डॉक्टर आणि कार्यकर्ते गर्भलिंगनिदानाविरुद्ध रस्त्यावर उतरले आणि १९८८ साली राज्याने देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. तो कागदावरच राहतो आहे हे पाहून सेहत, मासूम या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज २००० साली सर्वोच्च न्यायालयात गेले. पुढे २००३ मध्ये दुरुस्त्या होऊन आजचा पीसीपीएनडीटी कायदा आकाराला आला. एवढे करूनही राज्यात शून्य ते सहा वयोगटातल्या दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ वर आल्या. बीड जिल्ह्यात तो आकडा ८०७ होता. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, हे काही जण अभिमानाने सांगतात. तो आकडा मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांचा आहे. लेकी सुखरूप जन्माला येतात की नाही, हे त्यावरून कळत नाही.

म्हणून या कायद्यातली कडक कलमे आम्हाला जाचक वाटत नाहीत. गर्भवतीची प्रत्येक सोनोग्राफी एफ फॉर्ममध्ये नोंदवायची, त्या फॉर्ममधली उणीवही गंभीर मानायची, या तरतुदीला डॉक्टरांच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले होते. न्यायालयाने २०१९ मध्ये ती कायम ठेवली. ते योग्यच झाले. नोंद हा या कायद्याचा कणा आहे, आणि ज्या केंद्रात एफ फॉर्म शिकलेला, जबाबदार माणूस भरतो तिथे डॉक्टरही निर्धास्त असतो. टेक्निशियनच्या शिक्षणात या कामाला भौतिकशास्त्राइतकेच महत्त्व हवे.

कायदा योग्य असला, तरी त्याच्या सावलीत दुसरा एक प्रश्न वाढला आहे, आणि तो कोकणात जास्त टोचतो.

नायरी-शृंगारपूरकडच्या एखाद्या वाडीतली बाई ओटीपोटाच्या सोनोग्राफीला निघते तेव्हा काय होते ते पाहा. वरच्या पोटाचीही तपासणी करायची तर उपाशीपोटी यायला सांगितलेले असते. ती वस्तीच्या गाडीने पहाटे निघते, संगमेश्वरात उतरते. तिथे डॉक्टर नसले तर रत्नागिरी, नाही तर चिपळूण-डेरवण; कुठेही गेले तरी चाळीस-पन्नास किलोमीटर, आणि तेही वर्षानुवर्षे काम चाललेल्या महामार्गावरून. पोहोचल्यावर पाच-सहा ग्लास पाणी प्यायचे आणि लघवी धरून बसायचे, कारण मूत्राशय भरलेले असेल तरच गर्भाशय नीट दिसते. नंबर लागेपर्यंत डॉक्टरांना ऑपरेशन थिएटरमध्ये बोलावणे येते. बाई कळ सोसते, मग सोसवत नाही, उठून जाते. परत आल्यावर पुन्हा पाणी प्यायला सांगतात. बरोबर कुणी नसते, कारण घरातला पुरुष नालासोपाऱ्याला किंवा दिव्याला असतो. चारची गाडी चुकली तर मुक्काम कुठे करायचा, हा तिच्या डोक्यातला खरा प्रश्न असतो. अशी बाई पुढच्या वेळी दुखणे अंगावर काढते. तिला निष्काळजी म्हणणाऱ्यांनी एकदा तिच्याबरोबर हा दिवस काढावा.

डॉक्टर का मिळत नाहीत, याची कारणे उघड आहेत. रेडिओलॉजिस्ट शहरात राहतात, कारण त्यांना लागणारी यंत्रे आणि मिळणारे उत्पन्न दोन्ही शहरात आहे. फिरत्या डॉक्टरांवर भागवायचे म्हटले, तर २०१२ च्या नियमदुरुस्तीने एका डॉक्टरला एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोन केंद्रांतच काम करण्याची मुभा ठेवली आहे. गैरप्रकार रोखण्यासाठी तो नियम गरजेचा होता. पण मंडणगडपासून राजापूरपर्यंत पसरलेल्या आपल्या लांबलचक जिल्ह्यात त्याचा अर्थ असा होतो की तयार असलेला डॉक्टरही तिसऱ्या तालुक्यात जाऊ शकत नाही.

सीटी आणि एक्स-रेला निदान एक वाट आहे. प्रतिमा इथे काढायची, पुण्या-मुंबईतल्या तज्ज्ञाने ती संगणकावर पाहून अहवाल पाठवायचा. सोनोग्राफीत हे जमत नाही. तिथले चित्र मशीन काढत नाही, हात काढतो. प्रोब किती दाबला, कोणत्या कोनात कलवला, रुग्णाला कधी श्वास धरायला सांगितला, कुठे थांबून पुन्हा मागे गेले, यातून चित्र तयार होते आणि त्याच क्षणी त्याचा अर्थही लावावा लागतो. ज्या कोनातून पाहिलेच गेले नाही, तिथला दोष तज्ज्ञाला नंतर कितीही चित्रे दाखवली तरी दिसणार नाही.

हा हात तयार व्हायला किती वेळ लागतो, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. आपल्याकडे जाणता माणूस झाडावरच्या फणसावर थाप मारून आवाजावरून सांगतो, आतले गरे तयार आहेत की नाही. ते पुस्तकातून येत नाही, शेकडो फणस वाजवल्यावर येते. सोनोग्राफीची जात तीच. प्रोबमधले स्फटिक ध्वनिलहरी सोडतात आणि परत येणारा प्रतिध्वनी टिपतात. पोटासाठी साधारण साडेतीन मेगाहर्ट्झ, कारण खोलवर जायचे असते. गळ्यातली थायरॉइड किंवा पायातली शीर पाहायची तर सात ते बारा, कारण खोली कमी आणि बारकावा जास्त हवा. प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये हवेचा पातळ थर राहिला तरी लहर आत शिरत नाही, म्हणून ते गार जेल. मशीन असे धरून चालते की शरीरातल्या मऊ ऊतींतून आवाज सेकंदाला १,५४० मीटर वेगाने जातो. प्रत्यक्षात चरबीत, स्नायूत, पाण्यात तो वेग थोडा बदलतो, आणि पडद्यावर नसलेल्या गोष्टी दिसतात, असलेल्या सरकतात. पडदा केव्हा खोटे सांगतो हे ओळखणे, हा शिक्षणाचा निम्मा भाग आहे.

एक साधे उदाहरण. पित्ताशयात काहीतरी पांढरे चमकताना दिसते. नवखा म्हणतो, खडा. शिकलेला माणूस रुग्णाला डाव्या कुशीवर वळायला सांगतो आणि वाट पाहतो. खडा असेल तर तो घरंगळून नव्या जागी जातो. भिंतीला चिकटलेला कोंब असेल तर हलत नाही. कुशीवर वळवण्याच्या या अर्ध्या मिनिटावर पुढे ऑपरेशन करायचे की नाही ते ठरते. ॲपेंडिक्सचेही तसेच. ज्युलियन पॉयलार्ट या डच डॉक्टरांनी १९८६ मध्ये दाखवून दिले की प्रोब हळूहळू दाबत नेला तर वरचे आतडे आणि त्यातला गॅस बाजूला होतो आणि सुजलेले ॲपेंडिक्स उघडे पडते. पण दुखणाऱ्या पोटावर, रुग्ण हात झटकून टाकणार नाही अशा बेताने, किती दाबायचे? ते कुणाच्या तरी शेजारी बसून, त्याचा हात पाहत, आपला हात त्याला दाखवत शिकावे लागते. रुग्णाशी बोलणेही त्यातच आले. ‘श्वास घ्या, धरा, सोडा’ हे घाबरलेल्या म्हातारीला तिच्या संगमेश्वरी बोलीत सांगणारे माणूस असेल तर ती श्वास धरते. नाही तर नुसतीच बघत राहते. आणि दिवसाला तीस-चाळीस तपासण्या करणाऱ्याचा खांदा चाळिशीच्या आत दुखू लागतो, हेही या क्षेत्रात येणाऱ्या मुलीला आधी सांगायला हवे.

सोनोग्राफीच्या जन्मकथेत एक गोष्ट आहे, ती आजच्या दिवशी मुद्दाम सांगावीशी वाटते. ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड १९५५ मध्ये कापून काढलेल्या गाठी घेऊन एका बॉयलरच्या कारखान्यात गेले. लोखंडातल्या भेगा शोधणारे ध्वनिलहरींचे यंत्र तिथे होते. मांसाच्या गाठींवर ते चालते का, हे त्यांना पाहायचे होते. चालले. पुढे १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये जो निबंध आला आणि ज्याने ही विद्या जगापुढे आणली, त्यावर तीन नावे आहेत: डोनाल्ड, त्यांचे सहकारी डॉक्टर मॅकव्हिकार, आणि टॉम ब्राऊन. ब्राऊन डॉक्टर नव्हते. ते यंत्र जुळवणारे तरुण अभियंता होते. यंत्र जाणणाऱ्या माणसाचे नाव डॉक्टरांच्या ओळीत लिहिण्याइतका मोठेपणा त्या विद्येच्या जन्मातच होता.

आता आपल्याकडे काय व्हावे? दोन कायदेशीर दरवाजे आधीच बनवून ठेवलेले आहेत, त्यांतून कुणी पुरेसे जात नाही. पहिला डॉक्टरांसाठी. केंद्राने २०१४ मध्ये नियम करून एमबीबीएस डॉक्टरांसाठी सहा महिन्यांचे, ३०० तासांचे सोनोग्राफी प्रशिक्षण आखले. त्याला न्यायालयात आव्हान मिळाले, दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये त्याविरुद्ध निकाल दिला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. म्हणजे ग्रामीण रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला पोटाची आणि ओटीपोटाची प्राथमिक तपासणी शिकवण्याचा रस्ता आहे. रत्नागिरीला २०२३ पासून शंभर जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. संगमेश्वर, देवरुख, लांजा, राजापूर, गुहागर इथल्या अधिकाऱ्यांना पाळीपाळीने सहा महिने तिथे बसवावे, त्यांच्या जागी बदली डॉक्टर द्यावा, आणि परत आल्यावर किमान काही वर्षे त्याच रुग्णालयात ठेवावे. बदलीच्या यादीत शिकलेला हात हरवू नये, एवढे जिल्ह्याने मनावर घेतले तरी पुष्कळ.

दुसरा दरवाजा टेक्निशियनसाठी. संसदेने २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, आणि त्याच्या परिशिष्टात सोनोग्राफरचा उल्लेख आहे. त्या कायद्याप्रमाणे या क्षेत्रातल्या डिप्लोमालाही किमान २,००० तासांचे शिक्षण लागते. सहा महिन्यांच्या जाहिराती या एका आकड्यावर तपासून पाहाव्यात. सुट्टी न घेता रोज अकरा तास शिकवले तरच ते सहा महिन्यांत बसेल.

मग या माणसाला पीसीपीएनडीटीच्या चौकटीत काम काय द्यायचे? आमचे मत स्पष्ट आहे. गर्भवतीची तपासणी आज डॉक्टरच्याच हाती राहावी. त्यात सूट मागणाऱ्यांच्या बाजूने आम्ही उभे राहणार नाही. पण मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, पायाच्या शिरा यांच्या तपासण्या पदवीधर सोनोग्राफरने रेडिओलॉजिस्टच्या देखरेखीखाली कराव्यात, असा प्रयोग आधी फक्त शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत आणि जिल्हा रुग्णालयांत, कायद्यात तशी तरतूद करून, सुरू व्हावा. मशीन तेच असते, किडनी पाहणारा गर्भही पाहू शकतो, हा आक्षेप खरा आहे आणि तो घेणाऱ्या स्त्री संघटनांशी बसून बोलल्याशिवाय एक पाऊलही टाकू नये. मशीनवर नजर ठेवण्याचा अनुभव महाराष्ट्राला आहे: लक्ष्मीकांत देशमुख कोल्हापूरचे जिल्हाधिकारी असताना सोनोग्राफी मशीनना तपासणीचे चित्रण साठवणारे ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ जोडले गेले होते. त्यावर वाद झाले, त्यातून शिकण्यासारखेही पुष्कळ निघाले. शिवाय ज्याची नोंदणी रद्द होऊ शकते असा माणूस, नोंदणीच नसलेल्या मदतनिसापेक्षा कायद्याच्या जास्त हाताशी असतो.

शिकलेल्या स्थानिक हातांवर भरवसा टाकणे या तालुक्याला नवे नाही. १९५४ साली देवरुखात इंदिराबाई हळबे यांनी मातृमंदिर उभे केले तेव्हा सुरुवात एका गोठ्यात, दोन खाटांच्या प्रसूतिगृहाने झाली. इमारत नव्हती, साधने नव्हती. बाळंतिणीची काळजी घेणारे जाणते माणूस होते, म्हणून आजूबाजूच्या वाड्यांतल्या बाया तिथे आल्या, आणि मावशी हळबे हे नाव घरोघरी पोहोचले. आज आपण उलटे करतो. आधी मशीन येते, फीत कापली जाते, फोटो छापून येतो. चालवणाऱ्याची जागा भरायची राहते.

ज्यांच्या घरात आज हा विचार चालू आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. मुलीला या क्षेत्रात आवड असेल तर तिला जरूर पाठवा, पण नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बीपीएमटीसारख्या पॅरामेडिकल पदवीला पाठवा. तीन वर्षे शिक्षण, मग इंटर्नशिप; रेडिओग्राफीची शाखा घेतली तर एक्स-रे आणि सीटीवर ती स्वतःच्या अधिकाराने उभी राहील, आणि सोनोग्राफीची दारे उघडली तर पाया तयार असेल. फी भरण्याआधी संस्थेला विचारा: संलग्नता कोणत्या विद्यापीठाची किंवा मंडळाची, लेखी दाखवा, प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात, तिथे रोज किती रुग्ण येतात, मागच्या तुकडीतल्या मुली आज कुठे काम करतात. आखातात नोकरी लावतो म्हणणाऱ्याला तिथल्या परवान्यासाठी कोणती पदवी आणि किती वर्षांचा अनुभव लागतो, ते लिहून मागा. उत्तर द्यायला जो टाळाटाळ करेल त्याला हप्ता देऊ नका. पैसा फंड इंग्लिश स्कूलपासून देवरुखच्या आठल्ये-सप्रे-पित्रे महाविद्यालयापर्यंत, तालुक्यातल्या प्रत्येक शाळा-कॉलेजने बारावीच्या मुलांसमोर एखाद्या कामावरच्या टेक्निशियनला तासभर बोलवावे, अशी आमची विनंती आहे.

उद्या नऊ तारीख. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची तपासणी होते. हातात माता-बाल संरक्षण कार्ड घेऊन बायका सकाळपासून रांगेत असतात. जिल्हा नियोजन समितीच्या सदस्यांनी आणि आमच्या आमदारांनी उद्या संगमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयात यावे आणि एवढेच विचारावे: गेल्या महिन्यात ज्यांना सोनोग्राफीसाठी बाहेर पाठवले, त्यांतल्या किती जणी तिथवर पोहोचल्या? तो आकडा मागून घ्यावा, आणि समितीच्या पुढच्या बैठकीत नव्या मशीनच्या प्रस्तावाला त्याच्याशेजारी ठेवून मगच सही करावी.